‘ते नायजेरियन नाहीत’ हे वाक्य परत म्हणू नकोस

ताई,

माझं माहेर ठाण्याचं. लग्नानंतर अटलांटात राहते. नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन, जन्म तिथलाच, शाळेत गणित शिकवतो. जानेवारीत माझ्या धाकट्या भावाचं लग्न आहे. आम्ही दोघं आणि सासूबाई असं तिघांनी यायचं म्हणतोय. लग्न आटोपलं की मुरुड-जंजिरा बघून खाली कोकणातून गोव्याला.

मागच्या वेळी आम्ही दोघंच आलो होतो. गोव्यातल्या एका हॉटेलात बुकिंग केलेलं होतं. काउंटरवरच्या माणसाने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाला, “मॅडम, नायजेरियन को रूम नहीं देते.” मी घाईघाईने म्हटलं, “अहो, ते नायजेरियन नाहीत, अमेरिकन आहेत,” आणि पासपोर्ट पुढे केला. लगेच खोली मिळाली, वर सरबतही आलं. खोलीत गेल्यावर नवऱ्याने विचारलं, खाली काय बोलणं चाललं होतं? मी सांगितलं. तो काही बोलला नाही, पण उरलेली सगळी सहल तुटक वागला. आजही तो विषय निघाला की गप्प होतो. मी तर त्याचीच बाजू घेतली होती ना?

इथेही आमचे खटके उडतात ते प्रवासावरूनच. गाडी घेऊन कुठे जायचं तर पेट्रोलची टाकी आदल्या दिवशी फुल्ल. वाटेत छोट्या गावात थांबायचं नाही. सुट्टीसाठी कुणाचं घर भाड्याने घ्यायचं तर बुकिंग माझ्या नावाने. मराठी मंडळातल्या मैत्रिणीने अटलांटाजवळच्या कमिंग गावात नवं घर घेतलंय, तिने रात्रीच्या जेवणाला बोलावलं तर हा म्हणतो, दुपारी जाऊ. मी म्हटलं, मीही काही गोरी नाही, मला तिथे कधी कुणी काही केलेलं नाही. त्यावरून मोठं भांडण झालं.

आणि बाबा. निवृत्त मुख्याध्यापक, आयुष्यभर फुले-आंबेडकरांवर भाषणं केलेला माणूस. फोनवर म्हणाले, “जावईबापूंना घेऊन ये. त्यांच्या आईला एवढ्या लांबची दगदग कशाला? लग्नघरात शंभर माणसं शंभर प्रश्न विचारतात.”

आपली माणसं मनाने वाईट नाहीत, त्यांना कुतूहल असतं. हे नवऱ्याला कसं समजावू? त्याने मनाला लावून घेऊ नये म्हणून काय करू? की येऊच नये?

– ठाण्याची लेक, अटलांटाची सून

लेकी,

या. तिघंही या आणि लग्नाच्या आधी या, हळदीपासून असा. येऊ की नको हा प्रश्न माझ्यापुरता इथेच मिटला.

पण नवऱ्याला काय समजवायचं, हे तू मला विचारतेयस, तिथे मी तुला थोडं थांबवते. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात समजून घ्यायचं राहिलंय ते तुझ्याकडून, त्याच्याकडून नव्हे. तुला दुखवायला लिहीत नाहीये. पण या संसारात प्रवासाची सगळी धास्ती एकटा तो वाहतोय आणि वर तुझी समजूतही त्यानेच काढायची, असं चाललंय. ते बदलायला हवं.

गोव्यापासूनच सुरुवात करू. तो माणूस म्हणाला, नायजेरियनला खोली देत नाही. त्यावर तू म्हणालीस, हे नायजेरियन नाहीत. म्हणजे त्याचा नियम तू मान्य केलास. माणूस ओळखण्यात तुमची चूक झाली, एवढंच तू त्याला सांगितलंस. नवऱ्याच्या जागी खराच नायजेरियन माणूस असता तर त्याने बॅग उचलून रस्त्यावर जायचं, हे तुझ्या त्या वाक्यात गृहीत होतं. तुझ्या मनात तसं नसणार, मला खात्री आहे. पण तुझा नवरा ज्या लोकांचा वंशज आहे त्यांना आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून गुलामांच्या जहाजात कोंबून अमेरिकेला नेलं गेलं, आणि आजचा नायजेरिया त्याच किनाऱ्यावर आहे. आपले पूर्वज नेमके कुठल्या गावचे, हे त्यांच्यातल्या बहुतेकांना कधीच कळू शकत नाही, कारण विकणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनी त्यांची नावंसुद्धा ठेवली नाहीत. अशा माणसाच्या बायकोने काउंटरवर सांगितलं, हा त्यांच्यातला नाही. आणि त्या बोलीवर मिळालेल्या खोलीत त्याने रात्री झोपायचं होतं. तो गप्प झाला यात नवल काय?

सरबत आलं, असं तू लिहिलंयस. तो अपमानाचा दुसरा भाग होता. निळा पासपोर्ट दिसताच माणूस बदलला. चेहरा तोच होता, कातडी तीच होती. अमेरिकेत पोलिसाने गाडी अडवली तर तिथे हा पासपोर्ट त्याला वाचवत नाही आणि इथे तोच दाखवल्याशिवाय त्याला माणसात धरत नाहीत. दोन्हीकडे त्याने आधी पुरावा द्यायचा.

गोव्यातला तो नियम एका रात्रीत तयार झालेला नाही. २०१३च्या ऑक्टोबरात पर्रा गावात एका नायजेरियन माणसाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला. त्यानंतर खून राहिला बाजूला आणि सगळा राग नायजेरियनांवर निघाला. गोव्याच्या एका मंत्र्याने त्यांना कॅन्सर म्हटलं, पुढे दिलगिरी व्यक्त केली. पण भाड्याने घरं देणाऱ्यांनी आणि हॉटेलवाल्यांनी त्यातलं लक्षात ठेवलं ते पहिलंच वाक्य. अमली पदार्थांच्या धंद्यात काही परदेशी माणसं पकडली जातात, हे खरं आहे. त्यांच्यात सगळ्या रंगांची माणसं असतात आणि स्थानिकही असतात. दार मात्र एकाच रंगाला बंद होतं.

हे फक्त गोव्याचं नाही. २०१६ साली बेंगळुरूत एका सुदानी विद्यार्थ्याच्या गाडीखाली एक बाई मेली. त्यानंतर थोड्या वेळाने टांझानियाची एक विद्यार्थिनी त्याच रस्त्याने गाडीतून जात होती. तिचा त्या अपघाताशी काडीचा संबंध नव्हता. जमावाने तिला गाडीबाहेर ओढलं, मारलं, तिचे कपडे फाडले. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीतल्या वसंत कुंजमध्ये रिक्षा ठरवण्यावरून झालेल्या भांडणात काँगोच्या एका तरुणाचा जीव घेतला गेला. पुढच्या वर्षी ग्रेटर नोएडात अफवेवरून मॉलमध्ये घुसून नायजेरियन विद्यार्थ्यांना खुर्च्यांनी बडवलं. आपली माणसं मनाने वाईट नाहीत, असं तू म्हणतेस. मलाही माझी माणसं प्रिय आहेत. पण यातलं काहीच कुतूहलापोटी झालेलं नव्हतं, आणि तुझ्या नवऱ्याने भारतात येण्याआधी हे सगळं वाचलेलं असणार. कृष्णवर्णीय माणूस अनोळखी देशाचं तिकीट काढताना आधी हेच शोधतो.

आता तुमच्या अटलांटातल्या भांडणाकडे येते. टाकी फुल्ल असणं, छोट्या गावात न थांबणं, अंधाराआधी पोचणं हे तुला अति वाटतं. सासूबाईंना एकदा निवांत विचार, तुमचे आईवडील सुट्टीत गावी कसे जायचे? बहुतेक त्या तुला बुटांच्या खोक्याबद्दल सांगतील. त्या पिढीची कृष्णवर्णीय कुटुंबं प्रवासाला निघताना बुटांच्या रिकाम्या खोक्यात तळलेली कोंबडी, पाव, उकडलेली अंडी भरून घ्यायची, कारण वाटेतल्या खानावळीत त्यांना वाढत नसत. पेट्रोलचा जादा डबा गाडीत असायचा, कारण पंपावरही नाही म्हणत. पांघरुणं असायची, कारण रात्री गाडीतच झोपायची वेळ यायची. काही पुरुष सीटवर ड्रायव्हरची टोपी ठेवत. गाडी चांगली दिसली आणि पोलिसाने हटकलं तर सांगायचं, मालकाची आहे, पोचवायला चाललोय. स्वतःच्या कष्टाने घेतलेली गाडी आणि मुलांच्या देखत म्हणायचं, ही माझी नाही.

व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाचा न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणारा एक पोस्टमन होता. त्याने १९३६मध्ये एक छोटी पुस्तिका काढली. कुठल्या हॉटेलात, कुठल्या न्हाव्याकडे, कुठल्या पेट्रोलपंपावर कृष्णवर्णीयांना नाही म्हणत नाहीत, याचे पत्ते त्यात असत. पहिला अंक न्यूयॉर्कच्या आसपासपुरता होता. मग वाचकांनीच पत्ते पाठवले आणि पुस्तिका देशभर पसरली. गावात एकही हॉटेल नसलं तर कुणीतरी विधवा बाई आपल्या घरातली खोली द्यायची, तिचाही पत्ता त्यात असायचा. ग्रीनने लिहून ठेवलं होतं की या पुस्तिकेची गरज उरणार नाही असा दिवस येईल, तेव्हा आम्ही ती बंद करू. १९६०मध्ये तो गेला, बायकोने काम पुढे चालवलं. शेवटची आवृत्ती १९६६-६७ची.

मधल्या काळात कायदा झाला, १९६४चा नागरी हक्कांचा कायदा. त्याला सगळ्यात आधी कोर्टात खेचलं ते तुझ्याच शहरातल्या ‘हार्ट ऑफ अटलांटा’ या २१६ खोल्यांच्या मोटेलने. कृष्णवर्णीयांना खोली न देण्याचा हक्क आम्हाला हवा, असं मालकाचं म्हणणं. १४ डिसेंबर १९६४ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याला नाही म्हटलं. म्हणजे अटलांटात कुठल्याही मोटेलच्या काउंटरवर नवऱ्याच्या शेजारी उभं राहून तू चावी घेतेस, तो हक्क सासूबाईंच्या हयातीत मिळालेला आहे. फार जुनी गोष्ट नाही.

आणि कमिंग. तुझ्या मैत्रिणीचं घर आहे ती फोर्सिथ काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. आज तिथे देशी लोकांची वस्ती आहे, चांगल्या शाळा आहेत, मंडळातले निम्मे लोक तिथे घर बघतात. १९१२ साली तिथे हजाराहून जास्त कृष्णवर्णीय राहत होते, काहींच्या स्वतःच्या जमिनी होत्या. एका गोऱ्या मुलीच्या खुनाचा आळ आला. एकाला जमावाने मारलं, दोन कोवळ्या पोरांना फाशी दिलं आणि मग घोड्यावरच्या टोळ्यांनी रात्री-बेरात्री घरांवर गोळ्या झाडून, चर्च जाळून उरलेल्या सगळ्यांना हाकलून लावलं. त्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षं ती काउंटी जवळजवळ पूर्ण गोरी राहिली. कृष्णवर्णीयाने सूर्य मावळायच्या आत हद्द सोडायची असते, हे त्या भागात सगळ्यांना माहीत होतं. १९८७च्या जानेवारीत तिथे एक छोटा शांतिमोर्चा निघाला तर त्याच्यावर दगड-बाटल्या फेकल्या. पुढच्या आठवड्यात सुमारे २० हजार लोक चालत गेले तेव्हा संरक्षणाला नॅशनल गार्ड बोलवावं लागलं. १९८७ म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या घरात रंगीत टीव्हीवर बघितलेली बातमी.

तेव्हा तो ‘दुपारी जाऊ’ म्हणाला ते मैत्रिणीला टाळण्यासाठी नव्हतं. घरात लहानपणापासून ऐकलेलं होतं, त्या रस्त्याने रात्री जायचं नाही. तू मात्र त्याला सांगितलंस, मीही गोरी नाही, मला काही झालं नाही. तुला काही झालं नाही कारण फोर्सिथने तुझ्या आजोबांना हाकललेलं नव्हतं. आपले लोक तिथे आले ते दार उघडल्यावर, आणि ते दार ज्यांनी ढकलून उघडलं त्यांच्यात त्याची माणसं होती. १९६५च्या ज्या कायद्यामुळे आपल्या लोकांना अमेरिकेत मोठ्या संख्येने जाता आलं, तोही त्याच चळवळीच्या रेट्यात झाला. अमेरिकेत तपकिरी माणसाला त्रास होत नाही असं मी म्हणत नाही. विमानतळावर बाजूला घेतलेली, रस्त्यात शिव्या खाल्लेली मराठी मुलं मला लिहीत असतात. पण तुझा अनुभव हे त्याच्या भीतीला दिलेलं उत्तर होऊ शकत नाही.

बुकिंग तुझ्या नावाने करायला सांगतो, तेही उगाच नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०१५ साली पाच अमेरिकन शहरांतल्या सुमारे ६,४०० एअरबीएनबी घरमालकांना विचारणा पाठवल्या होत्या. बाकी मजकूर एकसारखा, फक्त पाहुण्याचं नाव बदललेलं. कृष्णवर्णीय वाटेल असं नाव असलं की होकार साधारण १६ टक्क्यांनी कमी येत होते. नंतर कंपनीने बुकिंग पक्कं होईपर्यंत पाहुण्याचा फोटो दाखवणं बंद केलं, नाव मात्र दिसत राहिलं. रस्त्याचंही तसंच. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पोलिसांनी गाड्या अडवल्याच्या जवळपास १० कोटी नोंदी तपासल्या. अंधार पडला, गाडीतल्या माणसाचा रंग दिसेनासा झाला की अडवलेल्यांमधलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण कमी होतं, असं त्यांना आढळलं. हे आकडे नवऱ्यापुढे ठेवू नकोस, त्याला नवे नाहीत. तुझ्यासाठी सांगतेय, म्हणजे यापुढे पुरावे मागायची वेळ येणार नाही.

मग तिथे काय करायचं? सोपं आहे. पुढच्या सहलीची टाकी तू भर. कुठे थांबायचं ते तू आधी बघून ठेव आणि त्याला दाखव. कुणी रात्री बोलावलं तर त्याला पुढे करू नकोस, मैत्रिणीला सांग, आम्ही दुपारी येतो. कारण विचारलं तर सांग. फोर्सिथमध्ये घर घेतलेल्या मराठी माणसांना ते कुठे राहतात हे कळलेलं बरं.

विमानतळाचंही एक सांगून ठेवते, कारण सासूबाई बरोबर आहेत. त्यांच्या वेण्या असतील तर अमेरिकन तपासणीत यंत्र अनेकदा डोक्यापाशी थांबतं आणि मग केसात हात घालतात. यावर तक्रारी होऊन २०१५मध्ये तिथल्या सुरक्षा यंत्रणेने कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं कबूल केलं होतं. प्रकार थांबलेला नाही. तपासणी आडोशाला, खासगी खोलीत करा असं म्हणायचा हक्क त्यांना आहे, आणि बरोबर एक माणूस ठेवता येतो. तू बरोबर जा.

आता इकडचं. भारतात कायदा तुमच्या फार उपयोगी पडणार नाही, हे माहीत असू दे. संविधानाचं कलम १५ दुकानं-हॉटेलं सगळ्यांना खुली ठेवायला सांगतं, पण ते नागरिकांपुरतं. समानतेचं कलम १४ आणि जीविताचं कलम २१ परदेशी माणसालाही लागू आहे, तरी खासगी हॉटेलवाल्याने वंशावरून खोली नाकारली तर थेट दाद मागता येईल असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. म्हणून तयारी आधीच करायची.

परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याचा सी-फॉर्म, म्हणजे त्याची माहिती सरकारला कळवायचा अर्ज, ऑनलाइन भरावा लागतो. छोटे लॉज आणि होम-स्टे पुष्कळदा याच्याच नावाखाली नाही म्हणतात. काहींची खरंच नोंदणी नसते, काहींचं ते निमित्त असतं. म्हणून मुरुड, गणपतीपुळे, गोवा, जिथे जिथे मुक्काम आहे तिथे स्वतः फोन कर, मराठीत बोल. “दोन पाहुणे परदेशी पासपोर्टवर आहेत, तुमच्याकडे सी-फॉर्म भरतात ना?” एवढंच विचार. हो म्हणाले की व्हॉट्सॲपवर तेच लिहून माग आणि थोडे पैसे आगाऊ दे. रंग सांगू नकोस. इथे माझं मत ठाम आहे. काही जण सल्ला देतील की आधीच सांगून टाकावं, म्हणजे दारात तमाशा होत नाही. पण ‘माझा नवरा काळा आहे, चालेल का?’ असं फोनवर विचारणं म्हणजे पुन्हा तेच झालं, त्यांना नाही म्हणायची मुभा आपण दिली. फक्त एक कर. हा फोन करायचाय आणि काय बोलणार आहेस, ते नवऱ्याला आधी सांग. त्याला वेगळं वाटलं तर त्याचं ऐक. दारात उभं राहायचंय त्याला.

आणि तरीही काउंटरवर कुणी म्हणालं, यांना देत नाही, तर तू म्हणायचं, “यांना म्हणजे कुणाला? नायजेरियन असते तर का दिली नसती?” आवाज न चढवता, मराठीत, बाकीच्यांना ऐकू जाईल असं. मग मॅनेजरला बोलाव, कारण लिहून माग, नाव आणि वेळ टिपून ठेव. ज्या ॲपवरून बुकिंग केलं तिथे त्याच मिनिटाला तक्रार टाक. पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते, धक्काबुक्कीची वेळ आली तर ११२. अमेरिकेच्या मुंबईतल्या वकिलातीचा नंबर दोघांच्या फोनमध्ये असू दे. पण तिथे थांबून भांडायचं की निघायचं, हे तो ठरवेल. तो म्हणाला चल, तर त्या क्षणी बॅग उचल. तुला कितीही लढावंसं वाटलं तरी त्याच्या सहलीची रणभूमी करायचा हक्क तुला नाही. दुसरं हॉटेल आधीच बघून ठेवलेलं असावं.

बघणारी माणसं असतीलच. सेल्फी मागतील, न विचारता फोटो काढतील, कुणी बाई सासूबाईंच्या वेण्यांना हात लावायला जाईल. यातलं काही खरंच कुतूहल असेल. पण कुठलं कुतूहल आणि कुठली हेटाळणी, हे निवडत बसायचं काम त्या दोघांचं नाही. भाषा तुला येते, भाषेतला सूर तुलाच कळतो. दोघांशी आधी एक खूण ठरवून ठेव. खूण झाली की तू पुढे होऊन सांगायचं, “नको, फोटो नको काढू.” लहान मूल असेल आणि सासूबाईंना आवडत असेल तर खुशाल काढू देत. त्यांना लोकांत मिसळायला आवडतं की नाही, हे मला माहीत नाही, तुला असेल. आणि गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, ते काय म्हणत होते, तर खरं सांग. सौम्य करून सांगितलेलं त्यांना कळतं. मागच्या वेळी तू नवऱ्याला खरं सांगितलंस, ही त्या सगळ्या प्रकारात तू केलेली चांगली गोष्ट होती.

जंजिऱ्याला जरूर न्या. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीतून जाताना तटबंदी अंगावर येते. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी तो किल्ला शेवटपर्यंत कुणाला घेऊ दिला नाही, त्यांचं संस्थान १९४८पर्यंत होतं. आपल्या शाळेत सिद्दी म्हणजे फक्त महाराजांचा शत्रू म्हणून शिकवला जातो. सासूबाईंना त्यापलीकडचं सांग. वेळ असला तर खुलदाबादला मलिक अंबरची कबर बघा. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून पुन्हा पुन्हा विकला गेलेला मुलगा निजामशाहीचा कारभारी झाला, मोगलांना आयुष्यभर झुंजवलं, खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर वसवलं आणि तिथे जमिनीखालून पाण्याचे नळ आणले. महाराष्ट्रात काळा माणूस चारशे वर्षांपूर्वीपासून सत्तेत, फौजेत आणि संसारात होता, हे तुझ्या लग्नघरातल्या त्या शंभर माणसांनाही ऐकव.

राहिले बाबा. त्यांच्याशी फोनवर वाद घालू नकोस, पत्र लिही. मुख्याध्यापक आहेत, लिहिलेलं वाचतील. त्यांनाच ठाऊक असलेली गोष्ट त्यांना विचार. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला कुणी खोली देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले तर काठ्या घेऊन जमाव आला. मग त्यांनी दोन मित्रांना विचारलं. एक म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारून सांगतो. दोघंही भले होते, दोघांनीही काठी उचलली नाही. बाबासाहेब बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. बाबांना लिही, ‘दगदग कशाला’ हे तुमचं वाक्य मला त्या दोन मित्रांसारखं वाटलं. जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ कुणाला अर्पण केली, तेही त्यांना आठवत असेल. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या मुक्त झालेल्यांच्या घरातली एक बाई विहीणबाई म्हणून तुमच्या दारात येतेय.

एवढं वाचून ते रागावतील, चार दिवस बोलणार नाहीत. चालेल. आयुष्यभर जे बोलले ते खोटं होतं असं मला वाटत नाही. घरच्या अंगणात ते करायची वेळ आली आणि माणूस बिचकला. त्यांना काम दे. घरात परदेशी पाहुणे उतरले की घरमालकालाही सी-फॉर्म भरावा लागतो, तो त्यांना भरू दे.  सोसायटीच्या वॉचमनला आणि सेक्रेटरीला त्यांनी स्वतः सांगावं, आमचे जावई आणि विहीणबाई येताहेत. लग्नात सासूबाईंना कुठे बसवायचं हे तू आणि आईने ठरवा, आणि ती जागा मागच्या रांगेत नसू दे. शंभर प्रश्नांना उत्तरं बाबाच देतील, बोलण्याची त्यांना सवय आहे.

आता नवऱ्याशी काय बोलायचं. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हे त्याला कधीच म्हणू नकोस. इतकी वर्षं मनाला लावून न घेताच तो जगत आलाय, म्हणून तर रोज सकाळी उठून शाळेत गणित शिकवू शकतो. गोव्याबद्दल त्याची माफी माग, थोडक्यात. मी तेव्हा काय बोलले ते मला आता कळलं, पुन्हा बोलणार नाही. एवढंच. माझा हेतू चांगला होता, मी घाबरले होते, हे पुढे जोडू नकोस. जोडलंस की तो तुझं सांत्वन करायला लागेल. तो काही बोलला तर ऐक, नाही बोलला तर राहू दे.

मग लॅपटॉप उघडून मुक्कामांची यादी त्याच्यापुढे ठेव आणि विचार, यातलं काय नको? तो जंजिऱ्याला हो म्हणेल आणि गोव्याला नाही म्हणेल, असं मला वाटतं. नाही म्हणाला तर गोवा काढून टाक. कोकणात समुद्र पुष्कळ आहे.